हाकेच्या अंतरावरचा रेडिओ

पूर्वी घराच्या ओसरीत १०० वॅटचा पिवळा दिवा असायचा आणि त्याचा उजेड फार तर अंगणापर्यंत पोहोचायचा. एखाद्या संस्थेने आपल्याच परिसरातल्या लोकांसाठी चालवलेल्या सामुदायिक रेडिओ केंद्राला प्रक्षेपणासाठी सर्वसाधारणपणे तेवढ्याच, म्हणजे १०० वॅट प्रभावी शक्तीची परवानगी मिळते आणि अँटेनाचा मनोरा ३० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. वाटेत डोंगर किंवा उंच इमारत आडवी आली की आवाज खरखरू लागतो. त्यामुळे नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’साठी रेडिओ संचाचा काटा ९०.८ वर आणणारा माणूस याच शहरातला किंवा लगतच्या गावातला असतो. बोलणारा आणि ऐकणारा उद्या भाजीबाजारात समोरासमोर येऊ शकतात, आणि आमच्या मते या केंद्राचे खरे बळ तेच आहे.

असे केंद्र चालवण्याची मुभा सहज मिळालेली नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. खटला मुळात क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण निकाल देणाऱ्या खंडपीठातील न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासमोरचा प्रश्न क्रिकेटपेक्षा कितीतरी मोठा होता: आकाशातून जाणाऱ्या या लहरी नेमक्या कोणाच्या? त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. साताऱ्याच्या दुष्काळी भागात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र त्याच वाटेने उभे राहिले.

नियमानुसार किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावे लागतात, आणि ही अट आम्हाला मनापासून पटते. द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीबद्दल किंवा पानावर दिसू लागलेल्या डावणी या बुरशीजन्य रोगाबद्दल बोलायचे, तर बोलणाऱ्याच्या हाताला त्या बागेची माती लागलेली हवी. बातम्यांच्या बाबतीत मात्र हात बांधलेले आहेत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे किंवा स्थानिक भाषेत अनुवादित करून देता येते. स्वतःचे बातमीपत्र काढता येत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले, हा प्रत्येक नाशिककराचा पावसाळ्यातला पहिला प्रश्न असतो. प्रशासनाने दिलेला इशारा केंद्राला सांगता येतो, पण आपला माणूस गोदाघाटावर पाठवून त्याने पाहिलेले बातमी म्हणून सांगता येत नाही. श्रोत्यांच्या इतक्या जवळ असलेल्या माध्यमावर असलेले हे बंधन आम्हाला खटकते.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा या जवळिकीचा कस लागला. वर्ग मोबाइलवर भरू लागले. पण ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांबरोबर सकाळीच कामावर जायचा, त्या घरातल्या मुलांनी काय करायचे? ‘रेडिओ विश्वास’ने ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम सुरू केला. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतील तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे १५० शिक्षकांनी ध्वनिमुद्रण कक्षात येऊन पाठ मुद्रित केले आणि ते विषयवार ठरलेल्या वेळी प्रसारित झाले. आठव्या राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत या उपक्रमाला दुसरे पारितोषिक मिळाले. केंद्र स्वतःच्या पायावर उभे ठेवल्याबद्दलचे पहिलेही याच केंद्राला मिळाले. पैशाची ओढाताण असलेल्या या क्षेत्रात हे पहिले पारितोषिकही कमी मोलाचे नाही.

पण फळ्याशिवाय भूमिती कशी शिकवायची, हे समजायला ध्वनिमुद्रण कक्षात, काचेच्या या बाजूला थोडा वेळ बसायला हवे. वर्गात हात उचलून ‘ही बाजू’ म्हणता येते. इथे ‘ही’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. पानाच्या डाव्या कोपऱ्यात एक बिंदू, त्याला क हे नाव, तिथून उजवीकडे पाच सेंटिमीटरांची रेघ, असे एकेक पाऊल शब्दांत उतरवावे लागते. त्यानंतर थांबावे लागते. रेडिओवर शांतता हा दोष मानला जातो, निवेदकाला ती भरून काढायला शिकवलेले असते; इथे मात्र ती मुद्दाम ठेवावी लागते, कारण पलीकडे कोणाची तरी पट्टी अजून वहीवर सरळ लागलेली नसते. किती वेळ थांबायचे, हे ठरवण्याचा एक साधा उपाय आहे. माइकसमोर स्वतःची वही उघडायची आणि मुलांना सांगितलेला तोच त्रिकोण आपणही काढायचा. कागदावर पट्टी सरकल्याचा बारीक आवाज मुद्रणात येतो, तो काढून टाकायचा नाही. तिसरी रेघ पहिल्या बिंदूला टेकली, की मग माइककडे वळून विचारायचे, “झाला काढून? आता कोन मोजूया.”