राजाच्या ताटातलं सुकं मांस

मंडळी, माझी कादंबरी अजून छापून आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. लिहून तरी कुठे झालीय! चार वर्षांत जमलंय काय, तर एक नकाशा. सात राज्यं, दोन समुद्र आणि अकरा राजांची वंशावळ. नकाशापासून सुरुवात करण्यात गैर काही नाही, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किन यांनीही तेच केलं होतं. फक्त त्यांची माणसं नकाशावरून चालायला लागली, माझी अजून वंशावळीतच बसलीत.

म्हणून या पावसाळ्यात वही मिटली आणि निव्वळ मजेखातर ‘कथासरित्सागर’ वाचायला घेतला. ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यमती राणीच्या करमणुकीसाठी रचलेला ग्रंथ, १८ लंबकांचा, म्हणजे भागांचा. सगळा सारखा रंगत नाही. पुढे कथानायक नरवाहनदत्ताची लग्नं इतकी होतात की मी मोजणं सोडलं. बायकांबद्दल तर काही ठिकाणी असं लिहिलंय की राणीने ते ऐकून कसं घेतलं असेल, कोण जाणे. पण पहिल्या लंबकात मात्र मी अडकले ती अडकलेच.

गोष्ट प्रतिष्ठानची, म्हणजे आपल्या पैठणची. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. एक राणी दमते आणि संस्कृतात काहीतरी म्हणते, त्यात ‘मोदकैः’ असं येतं. मा उदकैः, पाणी नको उडवूस. राजाला संस्कृत येत नाही, हा संधी सोडवता येत नाही, तो झटपट मोदक मागवतो! राणी हसते. राजा लाजेने जो अंथरूण धरतो तो उठायलाच तयार नाही.

राजाचे दोन मंत्री पुढे येतात. गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य चिडतो आणि पैज लावतो: जमवलंस, तर संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकतो. आता हा माणूस बोलणार कशात? मुका होऊन विंध्याच्या रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहितो. पिशाचं आली ती इथे. आधी लाज आली, मग पैज, मग पिशाचं. माझ्या पहिल्याच पानावर तीन पिशाचं आहेत आणि ती का आली ते मलाही ठाऊक नाही.

अर्सुला ल गुईन यांच्या १९६८च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. तो नियम मला फार आवडायचा, उसनाही घेतला होता. इथे उलटं आहे, शब्द टाकून दिल्यावर रान बोलायला लागतं. उसना नियम मी मुकाट्याने खोडला.

पुढचं तर मी दोनदा वाचलं. राजा तो ग्रंथ नाकारतो. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, कोण वाचणार? गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो आणि एकेक पान वाचून आत टाकतो. हरणं, रानडुकरं भोवती उभी, डोळ्यांत पाणी, चरणं बंद. सोमदेवाच्या जागी मी असते तर इथे आकाशवाणी केली असती. तो काय करतो? राजाला आजारी पाडतो. वैद्य म्हणतात, सुकं मांस खाण्यात आलंय. आचाऱ्यांना बोलावणं जातं. ते म्हणतात, पारधी आणतात तेच आम्ही शिजवतो. पारधी म्हणतात, जनावरं खातच नाहीत, एक बामण काहीतरी वाचतोय ते ऐकत बसतात. राजा पोचेपर्यंत सहा लाख श्लोकांची राख झालेली असते, एक लाख उरतात.

मला सगळ्यात आवडले ते आचारी. एवढ्या अद्भुत गोष्टीत दोन वाक्यं बोलून जातात, तीही अंगावरचं झटकायला. परवा मी माझ्या तिसऱ्या राज्याच्या मुदपाकखान्यात असाच एक आचारी उभा केला. तो तीन पानं झाली कुरकुरतोय, मीठ दुसऱ्या समुद्रावरून का आणायचं म्हणून. आणि दुसरा समुद्र मी नकाशात कशाला काढला होता, ते मला अजून त्याला सांगता आलेलं नाही.