लाल स्वॉर्डटेलचे रानातले भाऊबंद

(दृश्य : ॲक्वेरियमचं दुकान. काचेमागे फिरणारे लाल मासे.)

पुण्यातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात डोकावलं की हा लाल मासा हमखास दिसतो. स्वॉर्डटेल. शेपटीची खालची कड लांबत जाऊन तिची तलवार झालेली; ती फक्त नराला. मासा काटक, म्हणून घरात नवी टाकी आली की तो लवकरच येतो.

मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरासच्या नद्यांतला मूळ स्वॉर्डटेल मात्र सहसा हिरवट असतो, कुशीवर तांबूस पट्टा. दुकानातले लाल वाण बहुतांशी प्लॅटी या जवळच्या नातलगाशी माणसाने केलेल्या संकरातून आले.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात ते गप्पीही याच कुळातले. हे मासे अंडी घालत नाहीत. पिल्लं आईच्या पोटात साधारण चार आठवडे वाढतात आणि जन्मताच पोहू लागतात. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून टाकीत एकटी असतानाही ती पुन्हा पिल्लं देते.

(दृश्य : मेक्सिकोतला डोंगरी ओढा.)

स्वॉर्डटेल आणि प्लॅटी मिळून झायफोफोरस ही प्रजाती होते. मत्स्यशास्त्रज्ञ योहान हेकेल यांनी १८४८ मध्ये तिचं वर्णन केलं. आज तिच्यात पंचवीसहून अधिक जाती मोजतात, आणि त्यांतल्या कित्येक एखाद्याच नदीच्या खोऱ्यापुरत्या. माँतेझुमाए जातीच्या नराची तलवार अंगापेक्षाही लांब होऊ शकते. बिर्चमानी जातीच्या नराला तलवार जवळपास नसतेच. गंमत म्हणजे प्लॅटीच्या नरांना तलवार नसते, तरीही जीवशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा बासोलो यांनी १९९० मध्ये दाखवलं, की नराला कृत्रिम तलवार जोडली तर प्लॅटीच्या माद्या त्याच्याकडेच ओढल्या जातात. म्हणजे तलवार यायच्या आधीच तिची आवड असावी!

इतक्या जवळच्या जाती एकमेकींत मिसळत कशा नाहीत? याचं एक उत्तर वासात आहे. मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यातल्या काल्नाली नदीत बिर्चमानीची मादी आपल्या जातीचा नर वासावरून ओळखते. स्वच्छ पाण्यात ही निवड ठाम असते. गावाचं सांडपाणी आणि शेतातलं वाहून आलेलं पाणी मिसळलेल्या नदीच्या पाण्यात मात्र ती ढळते, असं २००६ च्या प्रयोगांत दिसलं. त्याच परिसरात बिर्चमानी आणि मालिंचे या जातींचे संकर आढळतात. त्यांतल्या काही माशांच्या शेपटीवर त्वचेचा कर्करोग होतो. एका जातीचं जनुक दुसऱ्या जातीच्या जनुकाशी जुळत नाही, म्हणून.

(दृश्य : मुठेचं पात्र, शहरातून.)

खडकवासल्याखालची मुठा रोज पाहणाऱ्यांना सांडपाण्याची नदी नवी नाही. पाणी काळं पडलं की मासे मरतात, एवढं आपण धरून चालतो. मासे जगले तरी जाती पुसल्या जाऊ शकतात, हे काल्नालीत कळलं.

मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहराजवळचे झरे शहराच्या तहानेपायी आटले आणि तिथली कौचियानुस ही प्लॅटी नामशेष होण्याच्या काठावर आली. १९३०च्या दशकात आनुवंशिकीतज्ज्ञ मायरन गॉर्डन यांनी उभा केलेला झायफोफोरसचा संग्रह आता टेक्सासच्या सॅन मार्कोसमध्ये आहे. तिथे एकेक वाण आपापल्या टाकीत, इतरांशी न मिसळता, पिढ्यान्‌पिढ्या वाढवला जातोय.