स्टार्टिंगला त्रास देणारी बाईक विकताना

नमस्कार मंडळी. बाईक विकायचीय, पण ती कधी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि कधी काही केल्या होतच नाही, मेकॅनिक बदलून झाले तरी नेमकं काय ते सापडलेलं नाही, असं ज्यांचं चाललंय त्यांच्याशी आज बोलायचंय.

फॉल्ट सापडला नसेल तरी गाडी विकता येते, पण तो कधी आणि कसा येतो हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, आणि ते घेणाऱ्याला आधीच सांगायचं. "थोडा स्टार्टिंग प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर कुणाला काय कळणार हो, समोरचा एकतर घाबरतो नाहीतर भाव पाडतो.

आधी बघा, त्रास गार इंजिनला आहे की गरम. सकाळी गार इंजिनला चोक ओढावा लागतो हे कार्बोरेटरच्या गाडीला नेहमीचंच, पण इंजिन गरम झाल्यावरही चोकशिवाय चालत नसेल, तर बहुतेक कार्बोरेटरमध्ये कचरा. आणि सकाळी झकास, पण तासभर चालवून बंद केली की मेली, मग थोडा वेळ उभी राहिली की आपोआप सुरू, तर कॉईल (प्लगला करंट देणारा भाग) तापल्यावर करंट देणं बंद करत असेल किंवा टॅपेट टाईट झाले असतील, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी झाली असेल. हे तपासायचं ते गाडी बंद पडलेली असतानाच, स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये परत लावा, इंजिनला टेकवा, किक मारा आणि ठिणगी पडते का बघा (प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते). गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं आणि तिथे सगळं ठीकच दिसतं, म्हणून तर हा फॉल्ट सापडत नाही.

सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट होत असेल तर बॅटरी बघा. उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना 10 च्या बरंच खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्या, आणि इंजिन चालू असताना रेस दिल्यावर 14 च्या जवळ जात नसेल तर चार्जिंगचं दुखणं आहे. टर्मिनल आणि साईड स्टँडचा स्विचसुद्धा बघून घ्या.

एवढ्याने नाही सुटलं तर अंदाजाने पार्ट बदलत बसू नका, तो पैसा विकताना परत मिळत नाही, त्यापेक्षा किंमत कमी करा.

आणि एक कळकळीने सांगतो, गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्या आल्या इंजिनला हात लावतोच, पण ज्याला कळत नाही तो बिचारा विश्वासाने घेऊन जातो आणि रात्री कुठेतरी रस्त्यात अडकतो, हे मला अजिबात पटत नाही. त्याच्यासमोर गार गाडीला सेल्फ मारा, नाही झाली सुरू तर नाही झाली.

व्यवहाराच्या कागदावर फॉल्ट लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आणि काय काय बदलून झालंय त्याची बिलं चावीबरोबरच द्या, म्हणजे पुढचा मेकॅनिक तिथून पुढे शोधेल.