परफंक्टरी म्हणजे निष्काळजी नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

इंग्रजीत 'परफंक्टरी' असं एक विशेषण आहे. मुलं त्याचा अर्थ 'निष्काळजी' असा पाठ करतात आणि तिथेच फसतात. निष्काळजी माणूस काहीतरी विसरतो, सांडतो, अर्धवट टाकतो. परफंक्टरी काम मात्र कागदावर पूर्ण असतं. फक्त करणाऱ्याचं लक्ष त्यात नसतं.

इमारतीच्या जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर आठवा. त्याला तपासणीचं कार्ड बांधलेलं असतं. तारखा नियमित, सह्या जागच्या जागी. पण सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एका बैठकीत उरकलेल्या. आणि दाबाचा काटा हिरवी पट्टी सोडून केव्हाच लालवर गेलेला. ही तपासणी परफंक्टरी. आपण याला 'पाट्या टाकणं' म्हणतो. कोशातल्या 'यांत्रिक'पेक्षा मला तेच नेमकं वाटतं.

शब्द मूळचा लॅटिन. 'फुंगी' म्हणजे पार पाडणं. फंक्शन आणि डिफंक्ट हे याच घराण्यातले. त्याला 'पर' लागलं आणि अर्थ झाला, एकदाचं उरकून मोकळं होणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत रुळला.

'कर्सरी'शी त्याची गल्लत नेहमी होते. कर्सरीच्या मुळाशी धावणं आहे, म्हणजे तिथे घाई. गर्दीच्या वेळी डॉक्टर रिपोर्टवर भरभर नजर टाकतात आणि नेमका बिघडलेला आकडा पकडतात. ती नजर कर्सरी, पण परफंक्टरी मुळीच नव्हे. उलट दोन तास चाललेली बैठकही परफंक्टरी असू शकते. अशा बैठका कोणाला चुकल्यात म्हणा!

आपल्याकडे हा शब्द न्यायालयांच्या निकालपत्रांत बराच भेटतो. तपास वरवर उरकला असेल तर न्यायमूर्ती त्याला 'परफंक्टरी इन्व्हेस्टिगेशन' म्हणतात. म्हणजे पंचनामा झाला, जबाब झाले, आरोपपत्रही गेलं, पण विचारायचं तेच विचारलं नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१३ होतं, आरोपीला त्याची बाजू विचारण्याचं. ही निव्वळ औपचारिकता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला वारंवार बजावावं लागलं.

घरगुती वापरात तो हसण्याला, मान डोलावण्याला, माफीला लागतो. 'ही गेव्ह अ परफंक्टरी नॉड' म्हणजे आपला जुलमाचा रामराम.

बोलताना जोर 'फंक्'वर द्या, पहिल्या 'पर'वर नको.