दीडशे वर्षांच्या वेली आणि माझे बूट

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या वेलींची रेड वाइन उत्तम का होते'. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा सत्कारात गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला. वाइनवरच्या व्याख्यानाला समोर पाण्याची बाटली ठेवलीय, तेवढं पोटात घालतो.

सुरुवात बुटांपासून करू. माझा भाचा ॲडलेडला असतो. त्याच्याकडे निघालो तेव्हा विमानात फॉर्म आला, महिन्याभरात शेतात गेला होतात का? आपण दिंडोरीचे बागाईतदार, नाही कसं म्हणणार? ऐटीत 'हो'वर खूण केली. उतरल्यावर तिथल्या पोरानं बॅग उघडली, बूट उचलले, तळव्याची माती नखानं खरवडून पाहिली आणि बूट घेऊन आत गेला. मी मोज्यांवर उभा नव्हतो एवढंच, पायात चपला होत्या. बऱ्याच वेळानं बूट स्वच्छ धुऊन परत आले. लग्नात मेव्हण्या बूट पळवतात तर पैसे मागतात, यानं फुकटात धुऊन दिले! आमच्या मंडळी म्हणाल्या, "तीस वर्षं हेच सांगतेय."

पुढे बरोसाला, म्हणजे ॲडलेडजवळच्या वाइनच्या मुलखात गेलो, तर तिथं बागेच्या कुंपणावर पाटी, आत येऊ नका. मला राग आला हो. आपल्याकडे पाहुणा आला की आधी बाग दाखवतो, चहा मागनं. भाच्यानं समजावलं, मामा, फिलॉक्सेरा. मुळांचा रस शोषणारी माव्याच्या जातीची कीड, मूळ अमेरिकेची, बुटांच्या मातीतूनही पसरते. 1860 नंतर तिनं फ्रान्सच्या बागा उभ्या वाळवल्या. अमेरिकन वेलींची मुळं तिला दाद देत नाहीत, मग युरोपनं अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. ऑस्ट्रेलियात 1877 साली ती व्हिक्टोरियात, जिलाँगला सापडली. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियानं 1899 मध्ये कायदाच केला आणि आजवर तिला शिरू दिलेलं नाही. आपण डॉगरिज लावतो तोही अमेरिकन खुंटच, पण आपण लावला खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. तिथल्या जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. हे कळल्यावर त्या पोरावरचा राग गेला.

तिथून वर ईडन व्हॅलीत हेन्शके घराण्याची बाग आहे, 'हिल ऑफ ग्रेस'. समोर एक लुथरन चर्च. सायलेशियातून आलेल्या जर्मन लोकांनी आपल्या मुलखातलं ग्नाडेनबर्ग हे नाव त्याला दिलं, त्याचा अर्थ कृपेची टेकडी. गंमत म्हणजे बाग टेकडीवर नाहीच, उथळ खोऱ्यात आहे. सगळ्यात जुन्या वेली 1860 च्या सुमाराच्या, शिराझच्या, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या. त्यांना म्हणतातच 'आजोबा'. कुंपणाबाहेरून पाहिल्या. खोड माझ्या मांडीएवढं, पीळ पडलेलं, साल लोंबतेय, मध्ये पोकळ. आपल्या छाटणीवाल्यानं पाहिलं असतं तर सरळ कुऱ्हाड मागितली असती. सिरिल हेन्शके यांनी 1958 साली या एकट्या बागेची वाइन वेगळी भरली. आता ती बाटली हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जाते. नाही, मी प्यालो नाही. भाच्याचा पगार एवढा नाही.

आता माझं दुखणं सांगतो. 2001 ला आपल्या राज्याचं वाइनचं धोरण आलं, मीही एका वायनरीशी करार करून शिराझ लावली. चार-पाच वर्षं बरी गेली. मग माल तयार झाला की फोन उचलेनात. घड वेलीवर सुकले. 2010 ला जेसीबी लावला, दीड एकर एका दुपारी साफ! विहिरीकडची एक ओळ राहिली, कारण जेसीबीचं डिझेल संपलं...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय.

जुनी वेल माल कमी धरते. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, आणि रेड वाइनचा रंग, तुरटपणा सालीतून येतो. मुळं खोल गेलेली, म्हणून उन्हाळ्याचा ताण ती सोसते. खोडात अन्नाचा साठा भरपूर. एवढं तुम्हाला ठाऊकच आहे. पण नव्या वेलीवरही घड विरळून माल कमी करता येतो, मग नुसत्या वयाचं कौतुक कशाला? माझं म्हणणं उलटं आहे. वयानं बाग चांगली होते त्यापेक्षा चांगली बागच म्हातारी होईपर्यंत टिकते, कारण वाईट लोक आधीच उपटतात. हेन्शकेंच्या प्रू बाईंनी याच म्हाताऱ्यांतल्या उत्तम वेली हेरून त्यांच्या काड्यांवरून नवी लागवड केली, ती यासाठीच.

मात्र चांगल्याही उपटल्या जातात. 1980 च्या दशकात तिथल्या सरकारनंच वेली काढायला पैसे दिले होते, शिराझला भाव नव्हता म्हणून! पीटर लेहमनसारख्या तिथल्या वाइन करणाऱ्यांनी जुन्या बागांचा माल घेत राहून काही वाचवल्या. म्हणजे दर पडलेला असताना कुणीतरी घेणारा लागतो. आपल्याकडे तोच नाही. यावर बरंच बोलायचं होतं, राहिलं.

बरोसात वेलीला 'जुनी' म्हणायला पस्तीस वर्षं लागतात, शंभरीची आणि सव्वाशेची पायरी निराळी. माझ्या विहिरीकडच्या ओळीला 2036 मध्ये पस्तीस भरतील. तेव्हा असलो तर बोलवा. सत्कार तेवढा शेवटी ठेवा.