किलोमागे पाच दाणे

(नागपुरात धरमपेठेतल्या एका छोट्या सभेत केलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

मे महिन्यात, संध्याकाळी सहा वाजता, नागपुरात तुम्ही इतके जण घराबाहेर पडलात. म्हणजे इथला कूलर तरी चांगला असणार, नाहीतर शेवटी केक मिळणार असं कोणीतरी फोडलेलं दिसतंय. केक आहे. ज्वारीचा आहे.

माझी ग्लुटेन-फ्री बेकरी आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन ज्यात नाही अशा पदार्थांची. तिथल्या काउंटरवर दिवसभर एक शब्द कानावर पडतो: थोडंसं. "थोडंसं खाल्लं तं काय होते जी?" माझ्या ग्राहकांच्या सगळ्या गोष्टी या शब्दाभोवतीच फिरतात.

आधी जे चुकून येतात त्यांच्याबद्दल. पाटी वाचून काहींना वाटतं, ग्लुटेन-फ्री म्हणजे शुगर-फ्री. एक काका दर शनिवारी मधुमेहासाठी म्हणून बिस्किटं न्यायचे. चौथ्या शनिवारी मी त्यांना सांगितलं, "काका, यात साखर आहे, वरून तांदळाचं पीठ." बिचारे पुडा परत ठेवून गेले. काहींना मैदा नको असतो, "पण कणिक चालेल ना?" मैदा काय आणि कणिक काय, दोन्ही गहूच. रवा, शेवया, दलिया, तेही गहूच. वजन उतरवायला येणारेही असतात. त्यांना मी फार अडवत नाही, दुकान चालवायचंय मला.

एका गोष्टीवर मात्र अडवते. एक तरुण मुलगी आली. सारखं पोट बिघडायचं, रक्त कमी. मोबाईलवर वाचून तिने स्वतःच गहू बंद केला होता. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जा. सीलिॲकची, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडून महिने झाले की रक्तातली लक्षणं निवतात, रिपोर्ट 'काही नाही' म्हणून येतो आणि खरा आजार झाकून राहतो. त्या दिवशी ती काहीच न घेता गेली.

आता ज्यांच्यासाठी दुकान आहे ते. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्न अंगी लागत नाही, मुलांची उंची खुंटते. हे लक्षात आणून देणाऱ्यांत विलेम डिके हे डच बालरोगतज्ज्ञ महत्त्वाचे. महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिकडे पावाचे वांधे झाले आणि ही आजारी मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. यावर औषध अजून एकच, ते अन्न आयुष्यभर बंद.

ग्लुटेन पाहायचं असेल तर कणकेचा गोळा नळाखाली धुवत बसा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात चिकट, रबरासारखं काहीतरी उरतं. तेच पावाला धरून ठेवतं, त्यातली हवा कोंडतं. ते काढून घेतलं की पाव बसतो. मी इसबगोल घालते. तरी माझा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, फ्रिजमध्ये तर आणखीच. "एवढासा पाव, एवढे पैसे, आणि भुसभुशीत!" ही तक्रार मी रोज ऐकते, आणि ती खरी आहे.

पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ज्वारी-बाजरी मी जवळच्या गिरणीतून दळून आणत होते. गिरणीवाले भाऊ माझ्यासाठी खास फडकं मारून द्यायचे. एका बाईने मुलीसाठी बाजरीच्या कुकीज नेल्या. दोन दिवसांनी ती परत आली. भांडायला नाही आली. काउंटरला दोन्ही हात टेकून तिने विचारलं, "दळण कुठून आणता?" मुलगी रात्रभर उलट्या करत होती. माझ्याच कुकीजने झालं, हे मी कधीच सिद्ध करू शकणार नाही. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री इतवारीच्या बाजारातून आणलेल्या ज्वारीतली एक किलो मी ताटात घेऊन निवडत बसले. गव्हाचे सात दाणे निघाले. तीच पोती, तीच चाळणी, येणारच. मग हिशेब केला. कायद्याने ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन चारेक मिलिग्रॅम. म्हणजे किलोमागे पाच दाणे, की संपलं. माझ्या ताटात दोन जास्त होते, आणि गिरणीच्या जात्यात अडकलेली कणिक यात धरलेलीच नाही. 'थोडंसं' म्हणजे किती, ते मला त्या ताटात दिसलं. महिन्याभरात स्वतःची लहान चक्की घेतली. ज्वारी अजूनही बसून निवडतो.

ही मुलं घरात वेगळी पडतात, ते जास्त लागतं. एक दहा वर्षांचा पोट्टा मला सांगत होता, त्याचा आवडता सण आषाढी एकादशी. का रे? "त्या दिवशी सगळे माझंच जेवण जेवतात." भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा! मी हसले, आणि लगेच मनात आलं, शिंगाड्याचं पीठ याची आई दळते कुठे?

त्याच्या आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्यावरच तापल्या होत्या. "आमच्या सात पिढ्या पोळी खाऊन राहिल्या. रोडगे खाल्ले, पानगे खाल्ले. या पोट्ट्याले थोडंसं दिलं तं काय होते बाप्पा?" मी वाद घातला नाही. एका वाटीत गव्हाचे पाच दाणे टाकून त्यांच्यापुढे ठेवले आणि किलोभर ज्वारीचं पीठ शेजारी. त्या बराच वेळ वाटीकडे पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

गेल्या दिवाळीच्या आधी त्या पुन्हा आल्या. ज्वारीचे तिखटमिठाचे शंकरपाळे हवे होते. मी पुडा बांधायला घेतला तर म्हणाल्या, "थांबा जी. यात हिंग कोणता? डबी दाखवा."

बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळलेल्या, हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी आतून डबी आणून दिली. चष्मा आणला नव्हता, म्हणून मलाच वाचायला लावलं. तांदळाचं पीठ, डिंक, हिंग, असं मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा," म्हणाल्या.