पिन निघत नाही? आधी हात ढिला करा! | फायर एक्स्टिंग्विशर

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना नीट? खाली पाण्याचा पंप चालूय, तो आता तासभर काही बंद होणार नाही, सांभाळून घ्या.

तर झालं असं की मागचा व्हिडिओ होता फ्रीजच्या प्लगबद्दल, आणि निम्म्या कमेंट्स माझ्या मागे भिंतीवर दिसणाऱ्या लाल सिलेंडरवर, म्हणजे आग विझवायच्या फायर एक्स्टिंग्विशरवर. ताई तो कोणता, ताई केवढ्याला घेतला, ताई आमच्या मजल्यावर पण आहे पण आजपर्यंत कोणी हात लावला नाही. त्यात १४ एप्रिल तोंडावर आलाय. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान त्यात गेले, त्यांच्या आठवणीत अग्निशमन सप्ताह पाळतात. म्हटलं करूनच टाकू. शिवाय आज आमच्याकडे ११ वाजता रिफिलवाले येतायत, त्याचं एक काम आहे, ते शेवटी.

बेसिक पटकन उरकते. घराघरात, जिन्यात दिसतो तो एबीसी पावडरचा. आत पिवळसर पावडर आणि नायट्रोजनचं प्रेशर. ही अक्षरं आगीच्या प्रकारांची: ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी म्हणजे पेट्रोल-रॉकेल, सी म्हणजे गॅस. एका भाऊंनी लिहिलंय, सी म्हणजे इलेक्ट्रिकल, अभ्यास करून या. भाऊ, ते अमेरिकेत. आपल्याकडे सी म्हणजे गॅसच, इलेक्ट्रिकल असा वेगळा वर्ग नाही. पावडर वीज वाहून नेत नाही म्हणून मीटरबॉक्सवर चालते, पण पहिला हात मेन स्विचवर, मग सिलेंडरवर. वापरायचं कसं? पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवा. झालं. स्टिकरवर चित्रं पण आहेत.

आता मुख्य मुद्दा. पिन काढा हे दोन शब्द सगळे फटकन म्हणून पुढे जातात ना, तिथेच माणूस अडकतो. मी अडकलेय म्हणून सांगतेय.

तीन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट, ठाण्यातली, आमचीच बिल्डिंग. कोणाचं तरी रॉकेट आडवं गेलं आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात घुसलं. मी वरून धावले, सिलेंडर हुकावरून काढला, आणि ऑफिसात ट्रेनिंग झालेली बाई मी, पिन ओढतेय, ओढतेय, निघेचना. बोट लाल झालं. मला वाटलं गंजलीये. तेवढ्यात वॉचमन काका मागून आले, शांतपणे म्हणाले, "मॅडम, वरची पट्टी सोडा आधी." सोडली. पिन अशी निघाली जशी लोण्यातून सुरी.

काय होत होतं बघा. कॅमेरा जवळ आणते. या दोन पट्ट्या दिसतायत? खालची फिक्स, ती उचलायची. वरची हलते, ती दाबायची. पिन दोन्हीच्या भोकांतून आरपार जाते. घाबरलेला माणूस सिलेंडर उचलतो तो दोन्ही पट्ट्या मुठीत आवळूनच उचलतो. म्हणजे तुम्ही वरची पट्टी दाबताय, पट्टी पिनवर बसतेय, पिन चिमटली. आणि आपण काय करतो, निघत नाही म्हणून अजून जोरात आवळतो. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी आठवा. कडीवर कितीही जोर काढा, हलत नाही. दार थोडं आत दाबलं की कडी आपोआप सरकते. इथेही तेच, ताण काढा, पिन सुटते.

म्हणून माझी पद्धत सांगते. सिलेंडर खाली जमिनीवर टेकवा. हातात धरून कसरत नको, ५-६ किलोवाल्यात पावडर तेवढी आणि वर लोखंडाचं वजन वेगळं. एका हाताने पट्ट्यांच्या खालची मान धरा, पट्ट्यांना हातच लावू नका. दुसऱ्या हाताने पिनची रिंग थोडी पिळा, म्हणजे ते प्लास्टिकचं सील तुटतं, मग सरळ बाहेर ओढा. पिळा, ओढा. मग उचला, नळी धरा आणि मग दाबा. दाबणं सगळ्यात शेवटी.

हे मी माझ्या आईकडून करून घेतलं, ती ७१ वर्षांची. बिनसीलच्या रिकाम्या सिलेंडरवर. पहिल्यांदा तिनेही मूठ आवळली, "अगं हे बिघडलेलं दिलंस मला" म्हणाली. दुसऱ्यांदा मान धरली, निघाली. म्हणजे ताकदीचा प्रश्न नाहीये. आणि कमेंटमध्ये जे दादा म्हणाले होते की आम्ही पिन आधीच सैल करून ठेवलीये, सील काढून टाकलंय, म्हणजे वेळेला त्रास नको, दादा हात जोडते, परत लावा. सील तुटलेलं असेल तर हा कोणी वापरलाय की नाही हे कसं कळणार? आणि लॉबीतली पोरं? आमच्याकडे एकाने फक्त टिचकीभर दाबून बघितलं. टिचकीभर दाबलं तरी पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, मग प्रेशर हळूहळू झिरपत राहतं, चार दिवसांनी प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा लालमध्ये. थोडा वापरला म्हणजे वापरलाच, रिफिल करा.

बाकी, लांबून मारा, सुरुवात सहा-आठ फुटांवरून. पाठ दरवाजाकडे, वारा पाठीमागून. एक किलोचा सिलेंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, मोठा पंधरा-वीस सेकंदांत, त्यामुळे ज्वाळेच्या टोकावर फवारत बसलात तर संपला खेळ. आग तुमच्यापेक्षा उंच झाली असेल किंवा खोली धुराने भरली असेल तर सिलेंडर तिथेच टाका, दार ओढून घ्या, बाहेर पडा, १०१ लावा.

स्वयंपाकघराचं वेगळं. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही म्हणजे नाही, आणि पावडरसुद्धा पहिली निवड नाही. जवळून जोरात फवारा बसला की पेटतं तेल कढईबाहेर उडतं. गॅस बंद, वर मोठं झाकण किंवा ताट सरकवा, आणि निवेपर्यंत उघडून बघू नका, तिथेच सगळे चुकतात, विझली का बघू म्हणून झाकण उचललं की परत भडका. आणि स्वयंपाकाच्या गॅस सिलेंडरच्या नळीला आग लागली असेल तर आधी रेग्युलेटर बंद करता येतो का बघा. ज्वाळा विझवली पण गॅस सुटतच राहिला तर तो खोलीत साठतो, ते जास्त वाईट. ई-स्कूटरच्या बॅटरीबद्दल पण खूप जणांनी विचारलंय. पावडर मारली तर वरची ज्वाळा बसते, आतली बॅटरी तापतच राहते, परत पेटते. त्याच्याशी लढू नका, लांब व्हा, फायर ब्रिगेड.

आता मेंटेनन्स, आणि इथे माझं डोकं फिरतं. मागच्या वर्षी एक एजन्सी आली, अर्ध्या तासात अख्ख्या बिल्डिंगचे सिलेंडर "सर्व्हिस" करून गेली. स्टिकर नवा, तारीख नवी, सील नवं. मी एक उचलून बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवला. लेबलवर जे एकूण वजन छापलंय त्यापेक्षा जवळजवळ किलोभर कमी! काटा मात्र हिरव्यात. कारण गेज फक्त प्रेशर दाखवतं, आत पावडर किती आहे, गोळा झालीये का, हे त्याला माहीतच नसतं. म्हणून स्टिकर नाही, वजन बघा. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे ना, नळीला चिर नाही ना, तोंडात कोळ्याचं जाळं नाही ना, बघा. उलटा करून हलवा, पावडर तळाशी दगड होऊन बसते. हायड्रो टेस्ट, म्हणजे आत पाणी भरून दाबाची चाचणी, पावडरवाल्याला दर ३ वर्षांनी, सीओटूवाल्याला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवाल्याला, दर ५. सीओटूला गेजच नसतं, त्यामुळे "ताई आमच्या लिफ्टरूममधल्याचा काटा चोरीला गेलाय" असं लिहिणाऱ्यांनी शांत व्हा, तो वजनानेच तपासतात. त्याचा काळा भोंगा वापरताना हाताने धरू नका, इतका गार पडतो की कातडी चिकटते.

सोसायटीवाल्यांनो, महाराष्ट्रात आगीपासून सुरक्षेचा २००६ चा कायदा आहे, लायसन्सवाल्या एजन्सीकडून बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा नीट चालू असल्याचं प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा. तो फॉर्म फाइलला लावताना सेक्रेटरींनी एकदा तरी खाली उतरून सिलेंडर बघावा. आमच्या चौथ्या मजल्यावरचा चपलांच्या रॅकमागे होता. तिसऱ्यावरचा दाराला टेकण म्हणून. गणपतीत तर एक मखराच्या पडद्यामागे सापडला, वर झेंडूची माळ.

तर ते ११ चं काम. रिफिल करताना आतली जुनी पावडर नाहीतरी काढावीच लागते. मग ती गच्चीत किंवा मोकळ्या आवारात आपणच का नाही मारायची? मी त्यांना आधीच फोन करून सांगितलंय, सहा सिलेंडर आमच्यासमोर रिकामे करायचे, आणि करणार आम्ही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिला नंबर लावलाय, सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मान धरायची, पिळायचं, ओढायचं, बरोबर ना गं?" तोंडावर मास्क लावून या म्हटलंय, आणि गाड्या लांब लावा, ती पावडर पत्र्यावर पडून ओल लागली की खाते. बेल वाजली बहुतेक, आले वाटतं. चला, कॅमेरा घेऊनच खाली जाते.